बारा दिवस आणि तीनशे त्र्याऐंशी दिवस

‘डिसमिस झालं’ हे दोन शब्द विजयनगरच्या आमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात दिवसातून किती वेळा कानावर पडतात, याची गणती नाही. पक्षकार ते उच्चारतो तेव्हा त्याच्या मनात एकच अर्थ असतो, की आपण हरलो आणि आपले म्हणणे खोटे ठरले. वकील मात्र लगेच विचारतो, ‘कशावर गेलं?’ मुदतीवर गेले, गुणदोषांवर गेले, की तारखेला कोणी हजर नव्हते म्हणून गेले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सांगलीत तीस वर्षे फौजदारी वकिली केल्यावरही मला हा प्रश्न रोज विचारावा लागतो आणि पक्षकारांना तो रोज नवा वाटतो.

गेल्या दिवाळीच्या आधी माझ्या ज्युनिअरने, जी सध्या एलएल.एम.चा अभ्यासही करते आहे, अमेरिकेतील एका निकालाची छापील प्रत माझ्या टेबलावर आणून ठेवली. फ्लोरिडा राज्यातील एका कैद्याचा हेबियस कॉर्पसचा अर्ज तेथील फेडरल, म्हणजे संघराज्याच्या, जिल्हा न्यायालयाने फेटाळला होता आणि प्रकरण त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले होते. तिचा प्रश्न सरळ होता: ‘सर, सगळा निकाल वाचला. यात तारखाच तारखा आहेत. त्याच्या खटल्यात काय चुकलं होतं, ते कुणी बघितलं कुठे?’ त्याच आठवड्यात मी स्वतः एका कैद्यासाठी विलंब माफीचा अर्ज लिहीत होतो, त्यामुळे तो निकाल मी बाजूला ठेवू शकलो नाही.

आधी एक खुलासा करतो, कारण ‘हेबियस’ या शब्दाने आपल्याकडे गोंधळ होतो. संविधानाच्या मराठी आवृत्तीत त्याला देहोपस्थिती म्हटले आहे: कोंडून ठेवलेल्या माणसाला न्यायालयापुढे आणा आणि त्याची कैद कायदेशीर आहे का ते तपासा, अशी ही मागणी. सांगली-मिरजेत कोणी ‘हेबियस टाकायची आहे’ असे म्हणत आले, तर बहुधा मुलगी घरातून निघून गेलेली असते, किंवा भावाला एमपीडीए या, खटल्याविना डांबून ठेवू देणाऱ्या, कायद्याखाली स्थानबद्ध केलेले असते. सक्षम न्यायालयाने रीतसर खटला चालवून शिक्षा दिली असेल, तर आपल्याकडे हेबियस चालत नाही. तेथे वाट अपिलाची. अमेरिकेत मात्र राज्याच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावलेल्या कैद्याला, राज्यातील अपिलाचे सगळे टप्पे संपल्यानंतर, फेडरल न्यायालयात जाऊन सांगता येते की माझ्या खटल्यात संघराज्याच्या संविधानाचा भंग झाला आहे, म्हणून माझी कैद बेकायदा आहे. त्या अर्जाची फी अवघी पाच डॉलर आहे. प्रवेश स्वस्त आहे, पण पुढची वाट अतिशय अरुंद आहे.

ती इतकी अरुंद का, हे आपल्या माणसाला समजावून सांगायचे तर मी असे सांगेन. आपली न्यायालये एकाच शिडीच्या पायऱ्या आहेत: तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय, सर्वोच्च न्यायालय. तेथे दोन शिड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत, एक राज्याची आणि एक संघराज्याची. राज्याच्या शिडीवरून अगदी वरपर्यंत जाऊन हरलेला कैदी दुसऱ्या शिडीच्या खालच्या पायरीवर येऊन उभा राहतो, आणि तेथील एकटा जिल्हा न्यायाधीश राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे चुकले की काय, हे तपासायला बसतो. उद्या मुंबई उच्च न्यायालयाने कायम केलेली शिक्षा सांगलीच्या जिल्हा न्यायाधीशांनी तपासावी, असे कोणी म्हटले तर बार रूममध्ये काय बोलले जाईल, याची कल्पना करावी. हा सल तेथील राज्यांच्या मनात फार जुना आहे. १९९५च्या एप्रिलमध्ये ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट होऊन १६८ माणसे मेली, त्यानंतर वर्षभराने, २४ एप्रिल १९९६ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी दहशतवादविरोधी कायद्यावर सही केली, आणि त्याच कायद्यात राज्यांच्या कैद्यांच्या हेबियस अर्जांवरही बंधने घालण्यात आली. तोवर अशा अर्जाला ठरावीक दिवसांची मुदत नव्हती. आता राज्यातील निकाल अंतिम झाल्यापासून एक वर्षाची मुदत आली. अर्जातला प्रत्येक मुद्दा आधी राज्याच्या न्यायालयांपुढे मांडून झालेला असावा लागतो, राज्याच्या नियमांत तो कुठे चुकून सुटला असेल तर सहसा कायमचा सुटतो, आणि एवढ्यातून तरला तरी राज्याचा निकाल नुसता चुकीचा असून भागत नाही, तो अवाजवी ठरावा लागतो. साहजिकच अनेक अर्ज खटल्याच्या कागदांना हात न लागताच निकालात निघतात.

ज्युनिअरने आणलेला निकाल हॉलंड विरुद्ध फ्लोरिडा हा होता. आरोपी सहानुभूती वाटावी असा नाही; पोलीस अधिकाऱ्याच्या खुनाबद्दल त्याला मृत्युदंड झाला होता. पण त्याच्या तारखा मी कागदावर मांडल्या तेव्हा हातातला चहा गार झाला. १ ऑक्टोबर २००१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याचे प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि एक वर्षाचे घड्याळ सुरू झाले. सरकारने नेमून दिलेल्या वकिलाने १९ सप्टेंबर २००२ रोजी राज्याच्या न्यायालयात फेरविचारासाठी अर्ज दाखल केला. असा अर्ज प्रलंबित असेपर्यंत घड्याळ थांबते, म्हणजे ते थांबले तेव्हा वर्षातले बारा दिवस शिल्लक होते. पुढे तीन वर्षे राज्याच्या न्यायालयांत गेली. त्या काळात कैदी वकिलाला पत्रांवर पत्रे लिहीत होता, की राज्यातला निकाल लागताच मला कळवा, माझा फेडरल अर्ज मुदतीत गेला पाहिजे. उत्तरे येईनात, तेव्हा त्याने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला दोनदा विनंती केली की हा वकील बदलून द्या. त्यावर सरकार पक्षाने सांगितले की ज्याला वकील आहे त्या कैद्याला स्वतः कागद दाखल करता येत नाहीत, वकील बदलून मागण्याचा कागदसुद्धा नाही. विनंती दोन्ही वेळा नाकारली गेली.

नोव्हेंबर २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला, १ डिसेंबरला आदेश अंमलात आला आणि घड्याळ पुन्हा चालू झाले. वकिलाने कळवले नाही. १३ डिसेंबरला बारा दिवस संपले. कैद्याला हे कळले १८ जानेवारी २००६ रोजी, तुरुंगाच्या ग्रंथालयात काम करत असताना. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतः अर्ज लिहून धाडला. सर्वोच्च न्यायालयाने पुढे नोंदवून ठेवले आहे, की मुदतीचा कायदा या कैद्याला बरोबर समजला होता आणि त्याच्या वकिलाला चुकीचा.

फेडरल जिल्हा न्यायालयाने अर्ज मुदतबाह्य म्हणून फेटाळला. वरच्या अपील न्यायालयाने म्हटले, की वकिलाची हयगय कितीही मोठी असली तरी त्यात अप्रामाणिकपणा किंवा तसेच काही असल्याशिवाय मुदत वाढवून मिळणार नाही. १४ जून २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन अशा बहुमताने हे कठोर मोजमाप नाकारले, न्यायबुद्धीने मुदत वाढवता येते असे सांगितले आणि प्रकरण परत पाठवले. मात्र दोन अटी ठेवल्या: कैद्याने स्वतः चिकाटीने पाठपुरावा केलेला असावा, आणि आड आलेली परिस्थिती असाधारण असावी. वकिलाने नुसती दिवस मोजण्यात चूक केली, तर ती असाधारण धरली जात नाही.

ज्युनिअरला मी म्हटले, ‘तुझ्या प्रश्नाचं उत्तर हेच, की त्या फेटाळणीत खटल्याबद्दल एक अक्षर नाही.’ वर्तमानपत्रात मात्र अशी बातमी ‘कैद्याचा दावा न्यायालयाने फेटाळला’ एवढीच येणार आणि वाचणारा समजणार, की न्यायालयाने सगळे तपासून तो खोटा ठरवला.

आता माझ्या टेबलावरच्या प्रकरणाकडे येतो. जत तालुक्यातील एका तरुणाला बांधाच्या भांडणातून झालेल्या मारामारीत, खुनाच्या प्रयत्नासाठी, सांगलीच्या सत्र न्यायालयाने १२ जुलै २०२४ रोजी सात वर्षांची शिक्षा दिली. त्याची आई माझ्याकडे आली ती २०२५च्या सप्टेंबरात. खताच्या दुकानाच्या पिशवीत तिने सगळे कागद आणले होते, आणि त्यात मधोमध, पावसाने भिजू नये म्हणून दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेली, निकालाची नक्कल होती. शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत मोफत मिळते, पण आधीच्या वकिलांनी स्वतंत्र नक्कलही काढली होती आणि ‘अपील टाकतो’ असे सांगितले होते. ते टाकले गेले नव्हते. का नाही, यात मी शिरलो नाही. माझ्याही कपाटात कधीकाळी अशी एखादी फाईल राहिली असेल, हे मला माहीत आहे.

नक्कल हातात आली की मी ती आधी उलटी करतो. तिच्या पाठीवर नक्कल विभागाचा शिक्का असतो आणि त्यात शाईने भरलेल्या तारखा: अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. मजकुराच्या बाजूला न्याय असला तरी मुदत या पाठीवर असते. सत्र न्यायालयाच्या शिक्षेविरुद्ध उच्च न्यायालयात अपील करायला साठ दिवस मिळतात, आणि नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात. येथे अर्ज १५ जुलैचा होता आणि नक्कल २९ जुलैला तयार झाली होती, म्हणजे पंधरा दिवस वगळायचे. त्या हिशेबाने शेवटचा दिवस २५ सप्टेंबर २०२४ येतो. आमचे अपील दाखल झाले १३ ऑक्टोबर २०२५ रोजी. उशीर तीनशे त्र्याऐंशी दिवसांचा. योगायोग असा, की कैद्याने तुरुंगातूनच अपील देण्याची सोय करणारे जुन्या फौजदारी संहितेतील कलमही ३८३च होते. नव्या संहितेत ते ४२४ झाले. ज्युनिअर हसली, मला हसू आले नाही, कारण ते कलम त्या मुलाला कोणी नीट समजावून सांगितले असते तर तुरुंग अधिकाऱ्याच्या हाती कागद देऊन त्याचे अपील साठ दिवसांच्या आत गेले असते.

हिशेब चालू असताना आई समोरच्या बाकावर बसून होती. आम्ही ‘तीनशे त्र्याऐंशी’ म्हणालो ते तिने ऐकले असावे. थोड्या वेळाने तिने विचारले, ‘उशीर झाला म्हणून सजा वाढिवत्यात का ओ सायेब?’ मी म्हणालो, ‘नाही मावशी, तसं नसतं.’ म्हणालो खरा, पण सात वर्षांच्या शिक्षेतले वाया गेलेले ते वर्ष कोणत्या रकान्यात मांडायचे, हे मला सुचले नाही.

विलंब माफीच्या बाबतीत आपला कायदा उदार आहे, असे मी अमेरिकेतले निकाल वाचल्यावर अधिक ठामपणे म्हणू लागलो आहे. मुदत कायद्याच्या कलम ५ मध्ये ‘पुरेसे कारण’ एवढेच मागितले आहे. १९८७ साली कातिजी यांच्या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, की उशिरा येऊन सहसा कोणाचा फायदा होत नाही, आणि प्रत्येक दिवसाचा खुलासा मागायचा तर मग प्रत्येक तासाचा, प्रत्येक सेकंदाचा का मागू नये? विलंबाच्या अर्जात हा निकाल न घालणारा वकील महाराष्ट्रात सापडणे कठीण आहे. त्याचा गैरवापर होतो, सरकारी खात्यांकडून तर सर्रास होतो. पण कैद्याच्या अर्जात मात्र ‘पुरेसे कारण’ शोधावे लागत नाही, ते समोर बसलेले असते: अक्षरओळख जेमतेम, कमावता माणूस आत, आणि उच्च न्यायालय मुंबईत. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाच्या फिरत्या खंडपीठाचे (सर्किट बेंचचे) कामकाज सुरू होईपर्यंत अपील म्हणजे रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस, मुंबईतला लॉज आणि दोन दिवसांचा बुडालेला रोजगार, असे समीकरण होते. आता सांगलीहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परत येतो. अंतर हेही विलंबाचे कारण असते, हे मी माझ्या अर्जात एका परिच्छेदात लिहिले.

अमेरिकेतील निकालांत अशी सैल जागा क्वचित दिसते. बोल्स नावाच्या ओहायोतील कैद्याची हकिकत तर अशी आहे, की ती मी बार रूममध्ये सांगितली तेव्हा एका ज्येष्ठ वकिलांनी ‘हे खरं नसणार’ म्हणून पैज लावली होती. त्याचा हेबियस अर्ज नाकारला गेल्यानंतर अपिलासाठी मुदत वाढवून देताना न्यायाधीशांनी कायद्यात असलेल्या चौदा दिवसांऐवजी चुकून सतरा दिवस लिहिले. कैद्याच्या वकिलाने न्यायाधीशांनी दिलेल्या तारखेच्या आत, पण चौदा दिवसांनंतर, अपील दाखल केले. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले, की मुदत कायद्याने ठरवलेली आहे, ती न्यायाधीशाच्या चुकीने वाढत नाही, अपील गेले. तो निकाल १४ जून २००७चा, हॉलंडच्या निकालाच्या बरोबर तीन वर्षे आधीचा. न्यायमूर्ती सूटर यांनी विरोधी मतात म्हटले, की न्यायव्यवस्थेने माणसांना असे वागवणे असह्य आहे. ज्येष्ठांनी पैजेचा चहा पाजला.

तराजू एका बाजूला झुकू नये म्हणून आणखी एक हकिकत सांगायला हवी. व्हर्जिनियातील कोलमन या कैद्याच्या वकिलांनी राज्याच्या न्यायालयात अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरा दिली, आणि तेवढ्यावरून १९९१ साली त्याच्यासाठी फेडरल हेबियसची वाटही बंद झाली. २० मे १९९२ रोजी त्याला मृत्युदंड देण्यात आला. तो निर्दोष होता असे अनेकांना वाटत राहिले. पण २००६ साली झालेल्या डीएनए तपासणीने गुन्हा त्यानेच केला होता यावर शिक्कामोर्तब केले. ज्युनिअर म्हणाली, ‘म्हणजे तीन दिवसांचा निकाल शेवटी बरोबरच होता.’ मला ते पटले नाही. दार लावणाऱ्यांना १९९१ साली आतले काय ठाऊक होते? डीएनएने त्याचा गुन्हा सिद्ध केला. तीन दिवसांच्या नियमाने काहीच सिद्ध केले नव्हते.

उलट, एका बाबतीत त्यांच्याकडून घ्यावे असे मला वाटते. टेनेसीतील ह्यूस्टन या कैद्याने अपिलाची नोटीस सत्ताविसाव्या दिवशी तुरुंग अधिकाऱ्यांच्या हाती दिली होती, ती न्यायालयाच्या शिक्क्यात एकतिसाव्या दिवशी, म्हणजे एक दिवस उशिरा, उमटली. १९८८ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की ज्याला पोस्टात जाता येत नाही त्याने तुरुंगाच्या हाती कागद दिला तीच दाखल तारीख. तुरुंगाच्या टपाल वहीतली नोंद पुरावा ठरते. आपल्याकडे कायदा तसाच आहे, वही मात्र पाहावी लागते. माधव होस्कोट यांच्या १९७८च्या निकालात नेमके हेच आहे. सत्र न्यायालयाने त्यांना न्यायालय उठेपर्यंतची शिक्षा दिली होती, मुंबई उच्च न्यायालयाने ती तीन वर्षे केली, आणि ते सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा चार वर्षांहून अधिक विलंब होऊन सगळी शिक्षा भोगून झाली होती. निकालाची प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे गेली होती. कैद्याला मिळाली का, याबद्दल दोन्ही बाजूंचे म्हणणे वेगळे होते, आणि त्याची सही कुठेच नव्हती. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावरून सांगितले, की कैद्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे.

आमचा विलंब माफीचा अर्ज मंजूर झाला. सुनावणीला चार-पाच मिनिटे लागली असतील. सरकारी वकिलांनी औपचारिक विरोध केला, न्यायमूर्तींनी तुरुंगाचा दाखला पाहिला, आणि तीनशे त्र्याऐंशी दिवस एका ओळीत माफ झाले. अपील दाखल करून घेतले गेले. ते अंतिम सुनावणीला केव्हा येईल, हे सांगण्याचे धाडस मी आईपुढे केले नाही. दार उघडे ठेवायचे आणि आत बाकावर वर्षानुवर्षे बसवायचे, हा आपल्याकडचा प्रकार अमेरिकेतील कोणाला सांगितला तर तोही पैज लावील. शिक्षा तहकूब करून जामीन मिळावा असा अर्ज दिला आहे आणि सध्या तरी भिस्त त्यावरच आहे.

अपील क्रमांक मिळाला त्याच दिवशी मी आदेशाची प्रत कळंब्याच्या तुरुंगात रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि सोबत एक कोरी पोच जोडली, ‘प्रत मिळाली, वाचून दाखवली, समजली’ एवढाच मजकूर आणि खाली सहीला जागा. पूर्वी मी असे करत नसे. बाराव्या दिवशी ती परत आली. अधीक्षक कार्यालयाच्या गोल शिक्क्याच्या शेजारी त्याने स्वतःचे पूर्ण नाव काढले होते, आणि मी तारखेसाठी जागा ठेवायला विसरलो होतो तरी नावाखाली, रेघ न सोडता, त्याने तारीख लिहिली होती.